चेक-इन दुपारी दोनला, गाडी पहाटे: बॅगा कुठे ठेवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळहून कोकणकन्या एक्सप्रेसने निघून पहाटे पनवेलला उतरणार. सीवूड्सला तीन रात्रींसाठी फ्लॅट घेतलाय, चेक-इन दुपारी दोनचं. सोबत दोन मुलं, सासूबाई आणि चार-पाच डाग. मालक म्हणतात, "लवकर घर देता येणार नाही, बॅगा खाली वॉचमनकडे ठेवा आणि फिरून या." तर ठेवाव्या का, दिवसभर ओढत फिरावं, की पनवेललाच क्लोकरूम शोधावी?

मी नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात असे फ्लॅट सांभाळते. काही आमचे, बाकीचे बाहेरगावी राहणाऱ्या मालकांचे. त्यामुळे हा प्रश्न मला पाहुणे कायम विचारतात आणि "दोनच्या आधी नाही" हे उत्तर देणारीही मीच असते.

वॉचमनकडे ठेवू नका, हे आधीच सांगून टाकते. कारणं पुढे देते. पण तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, एक बॅगांचा आणि एक माणसांचा. रात्रभराच्या प्रवासानंतर सासूबाईंना बाथरूम हवं, तासभर आडवं व्हायला हवं. मुलांना तोंड धुऊन काहीतरी गरम खायला हवं. बॅगा ठेवल्या की हे आपोआप जमेल असं घरून निघताना वाटतं. जमत नाही. बॅगा सुखरूप ठेवून माणसं सकाळी आठला मॉलच्या बंद दारासमोर पायऱ्यांवर पेंगत बसलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. मॉल उघडतात अकराच्या सुमाराला.

आता दोन वाजताच का, तेही समजून घ्या, म्हणजे मालकाशी काय बोलायचं ते कळेल. आदले पाहुणे दहा-अकराला निघतात. सगळे वेळेवर निघतात असं नाही. मग साफसफाईच्या मावशी येतात, आणि त्यांची वेळ ठरलेली असते, कारण त्या त्याच इमारतीत आणखी तीन घरची कामं करत असतात. चादरी बदलणं, संडास-बाथरूम, फ्रिजमधलं उरलंसुरलं काढणं, लाद्या पुसून वाळू देणं यात दोन-अडीच तास जातात. काही सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळीच येतं, तिथे तर सगळं त्या वेळेभोवती बसवावं लागतं. म्हणजे "दोन" हा आकडा बहुतेक वेळा खरा असतो. पण तो त्या दिवसाचा आकडा आहे ज्या दिवशी आदल्या रात्री घरात कोणी राहिलेलं असतं. आदली रात्र रिकामी असेल तर घर तयारच असतं, फक्त किल्ली द्यायची असते.

म्हणून मालकाला "अर्ली चेक-इन मिळेल का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "बघू" हेच येतं. सरळ विचारा: "आदल्या रात्री घरात पाहुणे आहेत का? नसतील तर पहाटे सहाला आत येण्याचे किती घ्याल?" या प्रश्नाला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत रिकामी रात्र अर्ध्या भाड्यात द्यायला मी तरी आनंदाने तयार असते, कारण ती रात्र नाहीतर फुकटच जाणार असते. शनिवार-रविवारी, मे महिन्यात, दिवाळीत मात्र आशा धरू नका. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काही मोठं असेल तर अजिबातच नाही. २०२५च्या जानेवारीत तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. अशा वेळी या भागात एक सोफासुद्धा मोकळा नसतो. तुमच्या तारखा कोणत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एवढं मोघम सांगावं लागतंय.

अर्धं भाडं जास्त वाटेल. पण सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, मधुमेह असेल, तर मी दुसऱ्या कुठल्याही पर्यायाचा विचारच करणार नाही. पाच माणसांचा दिवसभराचा चहा-नाश्ता, रिक्षा, दुपारचं बाहेरचं जेवण आणि मधे कुठेतरी लॉजची खोली, यांची बेरीज करून बघा. फरक वाटतो तेवढा राहत नाही.

मालकाने नाही म्हटलं असं धरून पुढे जाऊ.

वॉचमनकडे का नाही? माणूस अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. या कामात मला भेटलेले बहुतेक वॉचमनकाका सरळ आहेत. अडचण जागेची आणि अधिकाराची आहे. गेटवरच्या केबिनला धड दार नसतं, असलं तर कुलूप नसतं. पाळी सकाळी सात-आठला बदलते, म्हणजे तुम्ही सहाला ज्याच्या हाती बॅगा दिल्या तो माणूस दुपारी तिथे नसतोच. मधेच पाण्याचा पंप सुरू करायला, कुणाची गाडी काढायला, पार्सलवाल्याला वर सोडायला त्याला उठावं लागतं. तो सोसायटीच्या एजन्सीचा नोकर असतो, तुमच्या मालकाचा नव्हे. तुमच्या मालकाने "सांगून ठेवतो" म्हटलं तरी नाही म्हणायची सोय त्याला नसते आणि हो म्हणायचा अधिकारही नसतो. शिवाय चार दिवसांच्या भाडेकरूंवरून अनेक सोसायट्यांच्या कमिटीत आधीच कुरबुर असते. केबिनसमोर पाच बॅगांची रांग दिसली की सेक्रेटरी खाली उतरलाच म्हणून समजा. आणि बॅगेतून काही गेलं तर आधी त्या काकांची नोकरी जाते, चोर सापडो न सापडो.

कायदा काय म्हणतो असं कोणी विचारेल, म्हणून तेही सांगते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं १५१वं कलम असं आहे की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. "सामान आपापल्या जबाबदारीवर ठेवा" अशी पाटी लावली म्हणून तो सुटतोच असं नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा ओळीआड लपून टाळता येत नाही. पण यातला कळीचा शब्द "ताब्यात" हा आहे. वॉचमनच्या केबिनजवळ टेकवलेली बॅग कोणाच्या ताब्यात असते? मालक म्हणेल माझ्या नाही, सोसायटी म्हणेल आमच्या नाही, एजन्सी म्हणेल आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. तीन दिवसांच्या सुट्टीला आलेला माणूस हे भांडण कधी भांडणार?

म्हणून कुठल्याही पर्यायाला मी हीच कसोटी लावते: बॅग सोडून जाताना ती नावानिशी कोणाच्या ताब्यात आहे, आणि तसं लिहून दिलंय का? ते असेल तर जागा साधी असली तरी चालते. नसेल तर चकचकीत लॉबीसुद्धा उपयोगाची नाही.

मालकालाच हे विचारा: "सामान तुम्ही स्वतः किंवा तुमचा माणूस घेईल का, आणि कुठे ठेवाल?" कोणी स्वतःच्या घरी ठेवतो, कोणाचं जवळच ऑफिस असतं. रो-हाऊस किंवा गावठाणातलं घर असेल आणि मालक खालीच राहत असेल तर प्रश्नच मिटला. तिथे पडवीत बॅगा ठेवून चहाही मिळतो. मी स्वतः फ्लॅटमध्येच एका कपाटाला वेगळं कुलूप ठेवलंय. पण ते कपाट आदले पाहुणे बाहेर पडल्यावरच वापरते. त्यांचं सामान अजून घरात असताना दुसऱ्याच्या बॅगा आत आणल्या आणि नंतर कोणी म्हणालं की माझा चार्जर, माझं घड्याळ सापडत नाही, तर आळ मावशींवर येतो. ते मला नको असतं. त्यामुळे माझ्याकडे बॅगा अकरानंतर येऊ शकतात, पहाटे सहाला नाही. तुमच्या मालकाची अडचणही कदाचित हीच असेल, त्याने फक्त सोपं उत्तर दिलं.

बॅगा देताना एक पावती करून घ्या. कागद नको, व्हॉट्सॲप पुरे. सगळ्या बॅगा एकत्र ठेवून फोटो, आणि खाली एक ओळ: "पाच नग, सगळ्यांना कुलूप, अमुक वाजता तुमच्याकडे दिले." समोरून "मिळाले" असं उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. मी पाहुण्यांकडे स्वतःहून असा फोटो मागते, कारण त्याने माझीही मान मोकळी राहते.

आता पहाटे पाच ते अकरा या मधल्या वेळाचं काय? इथे मी तुमचा बेतच थोडा बदलायला सांगेन. पहिल्या दिवशी गेटवे, फोर्ट, म्युझियम असं बघायचं तुम्ही लिहिलंय. मग पनवेलला उतरता कशाला? कोकणकन्या पुढे ठाणे, दादर करत सीएसएमटीला जाते. तिकीट सीएसएमटीपर्यंतचं काढा. सकाळी तिथे पोचलात की प्रतीक्षालयात तोंड धुणं, कपडे बदलणं होतं, आणि सामान रेल्वेच्या क्लोकरूममध्ये देता येतं. तिथली शिस्त माहीत असू द्या: प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, बॅगेला कुलूप लागतं (चेन ओढलेली चालत नाही), आणि नाशवंत माल घेत नाहीत. पावती मिळते ती जपा. ती हरवली की बॉन्ड लिहून द्या, ओळख पटवा, असा अर्धा दिवस जातो. तिकीट मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, पहाटे नेमकं नेट गेलेलं असतं.

थोडा वेळ पाठ टेकायची असेल तर स्टेशनच्या रिटायरिंग रूमचं (प्रवाशांना भाड्याने मिळणाऱ्या विश्रांतीच्या खोलीचं) बुकिंग पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीच्या साइटवरून करता येतं. खोल्या मोजक्या असतात, त्यामुळे तिकीट पक्कं झालं की लगेच बघा. सासूबाई आणि मुलं तिथे दोन तास झोपली तर दिवसाचा रंगच बदलतो.

मग दुपारी सामान सोडवून सीएसएमटीवरूनच हार्बर मार्गाची पनवेल लोकल पकडा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे दुपारी तीनच्या आत बसायला जागा मिळते आणि बॅगा पायाशी ठेवता येतात. साधारण तासाभरात सीवूड्स-दारावे. संध्याकाळी पाचनंतर मात्र पाच डाग घेऊन त्या गाडीत चढायचा विचारही करू नका. रविवारी येत असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो) कुठे आहे ते बघा. हार्बरवर तो बऱ्याचदा नेमका अकरा ते चारच्या दरम्यान असतो, म्हणजे तुमची घरी जायची वेळ. सोमवार असेल तर घारापुरीची लेणी बंद, बुधवार असेल तर राणीची बाग बंद, हेही मनात धरून ठेवा.

हा बेत पटला नाही आणि पनवेललाच उतरायचं ठरवलंत, तर तिथल्या क्लोकरूमच्या भरवशावर निघू नका. लहान स्टेशनांवर सोय आहे की नाही, असली तर पहाटे खिडकी उघडी आहे का, हे रेल्वेच्या १३९ क्रमांकावर आधी विचारून घ्या. पनवेलहून सीवूड्सला पहाटेच्या लोकलने सामानासकट जाता येतं, पण सात वाजायच्या आत. त्यानंतर गर्दी सुरू होते. ठाण्याला उतरणाऱ्यांनाही हेच सांगते. तिथे उतरून सकाळी आठला ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-वाशीकडे यायचं म्हणजे नोकरीवाल्यांच्या लोंढ्यात शिरणं. फ्लॅट घोडबंदर रोडला असेल तर रिक्षा बरी.

दुकानात सामान ठेवून घेणारी काही ॲप निघाली आहेत. वापरायला हरकत नाही, पण दोन गोष्टी आधी वाचा: दुकान कधी उघडतं-बंद होतं, आणि बॅग गेली तर भरपाईची मर्यादा किती. पहाटे सहाला उघडं असलेलं दुकान या भागात तरी क्वचितच सापडेल. मॉलमधल्या किंवा सुपरमार्केटच्या बॅगा ठेवायच्या खिडकीवर चाकांची सूटकेस घेत नाहीत, आणि ती सोय खरेदी होईपर्यंतचीच असते.

आणखी एक पर्याय तुम्ही लिहिला नाहीत, पण सिंधुदुर्गातल्या माणसाचं नेरूळ-कळंबोलीत कोणीतरी असतंच. तिथे बॅगा ठेवता येतील, आंघोळीही होतील. अर्थात, ठेवायला गेलात की "जेवल्याशिवाय कसे जाता" सुरू होतं आणि "आमचं घर असताना फ्लॅट कशाला घेतलात" हे ऐकून घ्यावं लागतं. ते तुमचं तुम्ही ठरवा.

बॅगा कुठेही ठेवा, एक हाताशी ठेवायची पिशवी वेगळी करा, आणि ती घरूनच करा, फलाटावर नव्हे. त्यात सासूबाईंची दोन दिवसांची औषधं, ओळखपत्रं, दागिने आणि रोख, चार्जर, मुलांचा एकेक कपड्यांचा जोड, एक टॉवेल. इन्सुलिन असेल तर ते कधीच ठेवलेल्या बॅगेत नको, बंद कपाटात किंवा गाडीच्या डिकीत दुपारी काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना मी शालू-दागिन्यांची बॅग माझ्याकडेसुद्धा ठेवू देत नाही.

गावाकडून येणाऱ्यांना एक खास विनंती. सुकी मासळी, आंब्याची पेटी, फणस, सोलकढीची बाटली हे ठेवायच्या सामानात असेल तर आधी सांगा. क्लोकरूमवाले घेणार नाहीत, आणि बंद कपाटात सहा तास राहिलेल्या सुक्या बांगड्याचा वास पुढचे पाहुणे ओळखतात. खाजा, कोकम, पोह्याचे पापड खुशाल ठेवा, फक्त डबा घट्ट लावून, नाहीतर मुंग्या आधी पोचतात.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं मालकाला पाठवून द्या. आधार पाठवत असाल तर पहिले आठ आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क्ड आधार पाठवा. गेटवर हल्ली मायगेटसारख्या ॲपवर मालकाने परवानगी दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. ती आधीच काढून ठेवलेली असली की तुम्ही फाटकाबाहेर बॅगांवर बसून मालकाच्या उठण्याची वाट बघत नाही.

तुम्ही फक्त येण्याच्या दिवसाचं विचारलंत, पण परतीचा दिवस तुम्हाला जास्त जड जाणार आहे. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमाराला सुटते, पनवेलला मध्यरात्र उलटते. घर मात्र सकाळी अकराला सोडायचं. म्हणजे येताना नऊ तास असतील तर जाताना तेरा-चौदा. त्या दिवशी गाठीला धुवायचे कपडे, मुंबईची खरेदी आणि थकलेली मुलं. इथे मालक जास्त ऐकतो, कारण तोवर तुम्ही घर नीट ठेवल्याचं त्याने पाहिलेलं असतं. त्या संध्याकाळी कोणी येणार नसेल तर रात्री नऊपर्यंत घर मागा आणि त्याचे पैसे आताच, बुकिंग करतानाच ठरवा. कोणी येणार असेल तर अकराला बॅगा त्याच्या ताब्यात द्या, तोच फोटो, तीच एक ओळ. आणि त्या रात्री किल्लीवाला माणूस नेमका किती वाजेपर्यंत जागा असतो तेही विचारून ठेवा, कारण साडेदहाला फोन उचलला गेला नाही तर गाडी थांबणार नाही.